नौपाड्यातलं जुन्या पोस्टकार्डांचं दुकान: 'वॉर'चा खोका भारी आहे, पण काका, ते स्टिकर तेवढे आवरा

नौपाड्यात गोखले रोडच्या आतल्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर हे दुकान आहे. नाव विचारू नका, बोर्डावर नुसतं 'नाणी, तिकिटे, जुने कागद' एवढंच लिहिलंय आणि मॅपवरही ते सापडत नाही, खाली झेरॉक्सवाला आहे त्याला विचारलं की तो मान वर न करता बोटाने जिना दाखवतो, बहुतेक दिवसभर तेच करत असेल बिचारा. नाण्यांसाठी इथे बरेच लोक येतात, पण मला नाण्यांतलं काही कळत नाही त्यामुळे त्यावर बोलत नाही. हा रिव्ह्यू फक्त पोस्टकार्डांचा, आणि त्यातही काउंटरच्या डाव्या बाजूला खालच्या फळीवर जो बुटांचा खोका आहे ना, ज्यावर मार्करने 'वॉर' लिहिलंय, त्याचा.

आत पहिल्या महायुद्धातली कार्डं आहेत, १९१४ ते १९१८ मधली. इंग्लिश सगळ्यात जास्त, त्याखालोखाल फ्रेंच, थोडी जर्मन, आणि मध्येच कोणीतरी घुसवलेलं महाबळेश्वरच्या वेण्णा लेकचं एक रंगीत कार्ड. हा माल ठाण्यात आला कुठून विचारलं तर काका म्हणाले काही चोर बाजारातल्या लॉटमधून, काही मुंबईतल्या जुन्या पारशी घरांमधून आणि बाकी सगळा इंग्लंडातल्या ऑनलाइन लिलावांतून, "किलोवर घेतो हो मॅडम, मग निवडत बसतो." निवडत बसतात हे खरं आहे, कारण मी गेले की ते नेहमी कसलातरी ढीग पुढ्यात घेऊन बसलेले असतात आणि चहा गार झालेला असतो.

आता मुद्द्याचं. काका किंमत लावतात ती पुढचं चित्र बघून. फोटो स्वच्छ असेल, तोफ किंवा रणगाडा असेल, कोपरे शाबूत असतील तर हजाराच्या वर. मळकं, पेन्सिलीने खरडलेलं, शिक्क्यांवर शिक्के मारलेलं असेल तर तीनशे-साडेतीनशेला सुटतं. आणि खंदकातलं युद्ध म्हणजे नक्की काय होतं हे तुम्हाला बघायचं असेल तर नेमकं उलटं घ्यायला पाहिजे: व्यंगचित्रं घ्या आणि वापरलेली कार्डं घ्या, चकचकीत फोटो ठेवा तिथेच. म्हणजे ह्या दुकानात चोखंदळ माणसाचे पैसे वाचतात, असं फार कमी ठिकाणी होतं.

फोटोंना मी का नाक मुरडतेय ते सांगते. डेली मेल ह्या लंडनच्या पेपरने १९१६ मध्ये ऑफिशियल युद्धफोटोंची कार्डं विकायला काढली, ती इथे बऱ्यापैकी आहेत, एकेक ९०० ते १२०० ला. छपाई सुंदर, प्रश्नच नाही. पण सगळे हसतायत हो! हेल्मेट उंचावतायत, जर्मनांकडून जिंकलेल्या खंदकात आरामात बसलेत, डोक्याला पट्टी बांधलेला माणूससुद्धा कॅमेऱ्याकडे बघून खूश. सेन्सॉरने पास केल्याशिवाय फोटो छापायचाच नाही म्हटल्यावर दुसरं येणार काय. खोक्यातल्या ह्या कार्डांवर स्वतःच्या बाजूचा मेलेला सैनिक शोधून सापडत नाही. फ्रान्समधल्या सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, १ जुलै १९१६ ला, ब्रिटिशांची १९ हजारांहून जास्त माणसं मेली, आणि त्याच वर्षी निघालेली ही कार्डं बघितली तर मंडळी कोजागिरीला गच्चीवर जमल्यासारखी दिसतात.

त्यामानाने बेर्न्सफादर घ्या. ब्रूस बेर्न्सफादर, व्यंगचित्रकार आणि ब्रिटिश सैन्याच्या रॉयल वॉरिकशायर रेजिमेंटमधला कॅप्टन, स्वतः खंदकात राहिलेला माणूस. गंमत म्हणजे जन्म इकडचाच, १८८७ मध्ये मरीला, रावळपिंडीच्या वर जे थंड हवेचं ठिकाण आहे ते, आता पाकिस्तानात. १९१४ च्या नाताळात दोन्ही बाजूंचे सैनिक आपापल्या खंदकांतून वर येऊन मधल्या मोकळ्या जमिनीत एकमेकांना भेटले ती गोष्ट ऐकली असेल, तिथे हा हजर होता. पुढे १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या दुसऱ्या लढाईत जवळच गोळा फुटून जखमी झाला आणि परत पाठवला गेला. त्याची चित्रं 'बायस्टँडर' नावाच्या साप्ताहिकात यायची, लोकांनी अक्षरशः डोक्यावर घेतली, मग त्यांचीच पोस्टकार्डं निघाली. काकांकडे ही ६०० ते ८५० ला आहेत आणि माझ्या मते खोक्यातला सगळ्यात वसूल माल हाच.

त्याचं सगळ्यात गाजलेलं चित्र नोव्हेंबर १९१५ मधलं, ते इथे आहे (होतं, मी आणलं). काळोख, तोफगोळ्याने पाडलेला खड्डा, त्यात छातीपर्यंत रुतलेले दोन सैनिक आणि आजूबाजूला सगळीकडे गोळे फुटतायत. त्यातला जाड मिशांचा जो आहे तो दुसऱ्याला म्हणतोय, ह्याहून बरं भोक माहीत असेल तर जा की तिकडे. बस, एवढंच. भिंगातून बघितलं तर छपाईचे ठिपके दिसतात आणि त्या ठिपक्यांमधूनसुद्धा मिशीवाल्याच्या तोंडावरचा भाव सुटत नाही. भीती नाहीये ती, वैताग आहे. कुरकुरणाऱ्या माणसाबरोबर एकाच खड्ड्यात अडकल्याचा वैताग, बॉम्बगोळे नंतर.

दुसऱ्या एका कार्डावर भिंतीला हे एवढं मोठं भगदाड, नवा बडबड्या पोरगा विचारतो हे कोणी पाडलं, आणि कंटाळलेला जुना सैनिक म्हणतो, उंदरांनी. तिसरं जॅमचं: सैन्याला कायम प्लम-ॲपलचाच जॅम मिळायचा, तर सैनिक डबा हातात घेऊन विचारतोय, स्ट्रॉबेरी कधी यायची एकदाची. आणि चौथं माझं एकदम लाडकं, १९१५ ची फ्रान्समधली लूसची लढाई ऐन रंगात, कर्नलसाहेब गोळीबारात वाकून बसलेत आणि तेवढ्यात हेडक्वार्टरहून अर्जंट निरोप येतो की गेल्या शुक्रवारी तुम्हाला रास्पबेरी जॅमचे किती डबे दिले ते ताबडतोब कळवा. माझा नवरा सरकारी नोकरीत, त्याने हे कार्ड ऑफिसच्या टेबलाच्या काचेखाली ठेवायला मागितलं. नाही दिलं, फोटो काढून ने म्हटलं.

मला विचाराल तर खंदक कळतो तो इथे. कारण तिथे बराचसा वेळ लढाई नव्हतीच. बेल्जियममधली ती सखल जमीन, थोडं खणलं की पाणी लागतं, त्यामुळे कितीतरी ठिकाणी खाली खणायच्या ऐवजी पोत्यांची भिंत वर रचावी लागली. मग दिवसभर पाणी उपसा, पोती भरा, उवा मारा, उंदीर हाकला, अंधार पडला की काटेरी तार दुरुस्त करायला पुढे सरका. ओल्या बुटांत पाय सडायचे म्हणून व्हेल माशाचं तेल पायांना चोळायला लावायचे आणि अधिकारी पाय तपासायला यायचे. हे असलं ऑफिशियल फोटोत येत नाही, आणि आलं तरी त्यातला कंटाळा येत नाही. व्यंगचित्रात कंटाळाच हिरो आहे. सुरुवातीला काही वरिष्ठांना ही चित्रं पसंत नव्हती म्हणे, आपला सैनिक इतका गबाळा कशाला दाखवता म्हणून, पण पुढे त्यांच्याच वॉर ऑफिसने, म्हणजे युद्धखात्याने, त्याला चित्रं काढायला फ्रेंच, इटालियन आणि अमेरिकन सैन्याकडे पाठवला. माणसं हसत हसत टिकतात हे वरच्यांना उशिरा कळतं, चालायचंच.

बरं, आता ते मळकं साडेतीनशेवालं. ह्याला फील्ड सर्व्हिस पोस्टकार्ड म्हणतात, ब्रिटिश सैन्याचा छापील फॉर्म, चित्र-बित्र काही नाही, त्यामुळे काकांच्या हिशेबात ते सगळ्यात खालचं. त्यावर इंग्रजीत वाक्यं छापलेली: मी ठीक आहे. मला हॉस्पिटलात दाखल केलंय, त्याच्या खाली आजारी आणि जखमी असे दोन पर्याय. मला मागच्या तळावर पाठवतायत. तुमचं पत्र, तार किंवा पार्सल मिळालं. संधी मिळताच सविस्तर लिहितो. तुमच्याकडून पत्र आलेलं नाही, एवढ्यात किंवा बऱ्याच दिवसांत. लागू नसेल ते खोडायचं, तारीख घालायची, सही करायची, संपलं. आणि वर ठळक सूचना की ह्याशिवाय एक अक्षर जरी लिहिलं तरी कार्ड नष्ट केलं जाईल.

मी जे घेतलं त्यावर जवळजवळ सगळं आडव्या रेघांनी खोडलंय. 'मी ठीक आहे' ठेवलंय, 'संधी मिळताच लिहितो' ठेवलंय, आणि शेवटच्या ओळीतलं 'एवढ्यात' खोडून 'बऱ्याच दिवसांत' मात्र मुद्दाम ठेवलंय. बघा आता, एक अक्षर न लिहिता बायकोला टोमणा मारलाय बाबाने! पत्ता एका बाईच्या नावावर आहे म्हणून बायको म्हणतेय, आईही असेल. रेघा कॉपिंग पेन्सिलीच्या आहेत, ती सुकी असताना करडी दिसते आणि पाणी लागलं की जांभळी होते, आणि इथे तारखेच्या बाजूला एक जांभळा ठिपका फुटलाय. तो पावसाचा होता की आणखी कशाचा ह्यावर मी कविता करणार नाही. मला जास्त खटकलं ते त्या यादीत काय नाहीये ते. 'घाबरलोय' हा पर्याय नाही, 'शेजारचा गेला' हा नाही, 'थंडी वाजतेय' पण नाही. युद्धाच्या भरात ब्रिटिश सैन्याची टपाल यंत्रणा आठवड्याला सव्वा कोटीच्या आसपास पत्रं हलवत होती, त्यातली सैनिकांनी लिहिलेली सेन्सॉर करायला अधिकारी पुरणार कुठून, मग हा तोडगा. बुद्धी चांगली लावलीय, फक्त जरा गार वाटतं अंगाला.

रेशमी भरतकामाची कार्डं पण आहेत, फ्रान्स आणि बेल्जियममधल्या बायका जाळीदार रेशमाच्या पट्टीवर झेंडे, फुलं, 'प्रिय आईस' वगैरे भरायच्या, मग ती कापून कार्डावर चिकटवायची, सैनिक आठवण म्हणून घ्यायचे आणि शक्यतो पाकिटात घालून पाठवायचे म्हणून मागे बहुतेक कोरी. काहींना खिशासारखी झडप असते आणि आत चिमुकलं कार्ड. १,८०० पासून पुढे. गोड आहेत, भेट द्यायला छान, खंदकाशी संबंध एवढाच की तिथून निघून चार दिवस मागे विश्रांतीला आल्यावर माणसाला असं काहीतरी मऊ विकत घ्यावंसं वाटत असावं. जर्मन कार्डं घेणार असाल तर खऱ्या फोटोंची घ्या, सैनिकांनी आपसांत काढून पोस्टकार्डाच्या कागदावर उतरवलेले फोटो, खंदकाच्या दारात कुत्रं घेऊन बसलेले वगैरे, ते इंग्लिश ऑफिशियलपेक्षा कितीतरी खरे वाटतात. मागचं अक्षर जुन्या वळणाचं असतं, येणाऱ्यालाच वाचता येतं.

आपल्याकडच्यांचं काय, हा प्रश्न मला पहिल्यापासून होता. तर सप्टेंबर १९१४ च्या शेवटी भारतीय सैन्य फ्रान्सच्या मार्सेल बंदरात उतरायला लागलं, लाहोर आणि मीरत डिव्हिजन, आणि फ्रेंच छपाईवाल्यांनी धडाधड कार्डं काढली: फेटेवाले सैनिक रस्त्याने चाललेत, फ्रेंच बायका फुलं देतायत, बकऱ्या घेऊन बसलेत. शीख असो, पठाण असो नाहीतर गुरखा, खाली सगळ्यांना सरसकट हिंदू म्हणून टाकलंय. ब्रायटनची पण आहेत, तिथल्या रॉयल पॅव्हिलियन ह्या घुमटवाल्या राजवाड्यात जखमी भारतीय सैनिकांसाठी हॉस्पिटल केलं होतं, वर झुंबर आणि खाली ओळीने खाटा. बघा आम्ही तुमच्या माणसांची किती काळजी घेतो हे दाखवायला काढलेली कार्डं, तरी बघत राहावी अशी. ह्यातल्या एकाही कार्डावर हे नाही की मार्च १९१५ मध्ये फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेलला हल्ला करणाऱ्या फौजेत निम्मे भारतीय होते. तिथे १९२७ पासून त्यांचं स्मारक आहे, ४,७०० हून जास्त नावं आहेत त्यावर.

ते स्वतः काय लिहीत होते हे कार्डांवरून नाही, सेन्सॉरमुळे कळतं. भारतीय सैनिकांची पत्रं वाचून त्यांचे इंग्रजी उतारे काढून ठेवायचे, ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यात एक शक्कल आहे ती मी कधी विसरणार नाही: काळी मिरी म्हणजे भारतीय सैनिक, लाल म्हणजे गोरे, आणि मग घरी लिहायचं की भारतातून आलेली काळी मिरी संपलीय, आता लाल वापरतायत. सेन्सॉरलाही ते कळलंच होतं अर्थात, नाहीतर आपल्यापर्यंत आलं कसं असतं.

मराठा पलटणी मात्र प्रामुख्याने मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात. तिथल्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात, डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, पुणे डिव्हिजन अडकली त्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. खोक्यात बसऱ्याची कार्डं आहेत, खजुराची झाडं, नदीतल्या होड्या, आणि एकावर पंचम जॉर्जचं 'आय.ई.एफ.' (इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स) छापलेलं तिकीट आहे, भारतीय सैन्यासाठी १९१४ मध्ये काढलेलं. तिकिटं हा काकांचा प्रांत त्यामुळे तिथे किंमत बरोबर टाइट लावलीय, घासाघीस नाही. मराठीत लिहिलेलं एकही कार्ड मात्र नाही. बहुतेकांची पत्रं लेखनिकाच्या हातची, आणि घरी आली तरी जपून ठेवणार कोण. कोकणात आणि साताऱ्याकडे गावात एखादी संगमरवरी पाटी दिसते बघा, ह्या गावातून महायुद्धात इतके गेले, त्यातले इतके कामी आले. माझ्या आजोळी आहे, आकडे आहेत, नावं नाहीत. काकांना विचारलं कधी मराठी कार्ड येईल का, तर म्हणाले, "आलं तर विकणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो." ह्या एका वाक्याला माझ्याकडून अर्धा स्टार.

खऱ्या-खोट्याचं. खोक्यात नवीन रिप्रिंट मिसळलेले आहेत आणि त्यावर तसं लिहिलेलं नाही, ही मोठी गडबड. विचारलं की काका लगेच सांगतात, लपवत नाहीत, पण न विचारणाऱ्याचं काय? मी विचारलं तेव्हा त्यांनी काउंटरवरचा नोटा तपासायचा निळा दिवा लावला आणि दोन कार्डं शेजारी धरली. एक एकदम ट्यूबलाइटसारखं पांढरं-निळं चमकलं, दुसरं तसंच मंद पिवळट. आजच्या कागदात पांढरेपणासाठी जे रसायन घालतात ते त्या काळी कागदात नव्हतंच, त्यामुळे चमकलं की समजायचं नवीन. दिवा लावायला सांगा, लाजू नका, त्यांना ते करून दाखवायला आवडतंच. दहापट मोठं दाखवणारं भिंग स्वतःचं न्या, त्यांच्या भिंगाला चरा पडलाय.

आता तक्रारी, आणि ह्या मी त्यांना तोंडावर सांगितल्यात. किमतीचे स्टिकर थेट कार्डाच्या मागे चिकटवतात! शंभर वर्षांचा कागद, त्यावर गोंदवाला स्टिकर, त्यावर बॉलपेनने ८५०. एका फील्ड कार्डावर सेन्सॉरच्या शिक्क्याच्या कोपऱ्यावरच लावलाय, काढायला गेलं तर शाई निघणार. पाकिटावर लावा ना. दुसरं, प्लास्टिकची पाकिटं स्वस्तातली, वास येणारी, ठाण्याच्या दमट हवेत ती कार्डाला चिकटतात, घरी आणल्या आणल्या बदला. तिसरं, दोन कार्डं चक्क लॅमिनेट केलेली आहेत, त्यांनी नाही केली, तशीच आली म्हणे, पण मग विकायला का ठेवलीत, आणि वर तीही फुल रेटने. फ्रेम करून देतात, त्यात कार्ड मागून गोंदाने चिकटवतात, त्या भानगडीत अजिबात पडू नका. आणि काका नसताना जो मुलगा बसतो तो फोनमधून डोकं वर काढत नाही, दुसऱ्या महायुद्धाची कार्डं पहिल्याच्या खोक्यात तोच टाकत असणार असा माझा संशय आहे.

संध्याकाळी पाचनंतर जा, तेव्हा काका असतात. स्टेशनवरून चालत जाता येतं, गाडी नेऊ नका, पार्किंग नाहीच. यूपीआय चालतं, बिल मागितलं तर हाताने लिहून देतात, ते मागाच आणि त्यावर 'मूळ' की 'रिप्रिंट' हे लिहून घ्या. एक कार्ड घेतलं तर भाव हलत नाही, चार-पाच घेतली की आपोआप खाली येतो. वाशी-नेरूळकडच्यांना फोटो पाठवून स्पीड पोस्टाने पण देतात, फक्त फोटो पुढचा पाठवतात, मागच्या बाजूचा वेगळा मागून घ्यावा लागतो. पाचपैकी साडेतीन, त्यात वरचा अर्धा धरलाय. स्टिकर बंद केले तर चार करेन.